आफ्रिका चर्चासत्राच्या फ्लेक्सची कैफियत

मी एक जुना फ्लेक्स आहे. पंधरा फूट लांब, आठ फूट उंच, चार कोपऱ्यांना चार कड्या. त्यातल्या तीन शिल्लक आहेत. सध्या अहमदपूरच्या मार्केट यार्डामागे सोयाबीनच्या पोत्यांवर पालथा पडून असतो. कसे वाटते म्हणाल, तर काही वाटत नाही. आम्हां प्लास्टिकवाल्यांना वाटून घ्यायची सवय नसते.

माझा जन्म नांदेडचा. अंबरीशच्या छपाईच्या दुकानात मी संगणकावर आकाराला येत होतो. शेजारी अहमदपूरच्या एका महाविद्यालयाचे मृत्युंजय सर बसले होते. माझ्यावर लिहायचे होते, 'आफ्रिकी देशांतील लोकशाही व सुशासनाचे बळकटीकरण : एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र'. मधोमध आफ्रिका खंडाचा हिरवागार नकाशा, भोवती मान्यवरांचे आठ फोटो. तेवढ्यात सरांना फोन आला आणि मान्यवर नऊ झाले.

"सर, नकाशा बारीक करावा लागतो. मादागास्कर तर कापावंच लागतंय," अंबरीश म्हणाला.

"काप की. तिकडून कोण बघायला येऊन राहिलंय?"

अशा रीतीने मी जन्मलो तेव्हाच एक देश कमी होता. उरलेला खंड नवव्या मान्यवरांच्या कोपराखाली बसवण्यात आला.

मित्रांनो, माझी नोकरी एका दिवसाची. सकाळी मंडपवाल्या मलप्पांनी मला व्यासपीठामागे ताणून बांधले. लोक म्हणाले, "फ्लेक्स झकास!" माझे आयुष्यातले कौतुक तेवढेच.

पहिल्या रांगेत मनस्विनीबाई बसल्या होत्या. त्या नांदेडला शिकवतात. दोन वर्षे खपून त्यांनी मलावी देशातल्या एका गावाचा अभ्यास केला होता. तिथे गावकरी सरकारी दवाखान्याला गुण देतात, मग दवाखान्यातली माणसे आणि गावकरी समोरासमोर बसून त्या गुणांवर बोलतात. तिथल्या फिरी आडनावाच्या गुरुजींनी त्यांना फोनवरून सगळे सांगितले होते, पण एका अटीवर. आमच्या माणसांचे बोलणे तुमच्याकडच्या सभेत मोठ्याने वाचायचे. बाईंनी शब्द दिला होता. शेजारच्या मॅडमना त्या सकाळपासून तेच सांगत होत्या. "बारा मिनिटं मिळाली तरी बास झालं हो," म्हणत होत्या.

दहा वाजता सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, बुके. नऊ मान्यवरांचे झाले. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे झाले. मग एक माजी प्राचार्य सहज डोकावले, त्यांचाही झाला. जेवणानंतर मान्यवरांनी मनोगते व्यक्त केली. लोकशाही महत्त्वाची आहे, यावर सर्वांचे एकमत दिसले. आफ्रिकेचे नाव दोनदा आले, एकदा हत्तींच्या संदर्भात.

चार वाजता अध्यक्ष किशनराव उठले. "वेळेअभावी सर्व बेचाळीस शोधनिबंध वाचले असे समजण्यात येते. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मनस्विनीबाईंनीही केला. त्यांना बोलायचे होते. तो मान्यच्या बाजूने धरण्यात आला. एकमताने मंजूर. बाईंना किशनरावांच्या हस्ते निबंध वाचल्याचे प्रमाणपत्र मिळाले, वर फोटोही.

सभागृह रिकामे झाले. मलप्पा आणि त्यांची दोन माणसे खुर्च्या एकात एक घालू लागली. बाई तिथेच बसून होत्या.

"ताई, कार्यक्रम झाला. तुमची खुर्ची द्या की," मलप्पा म्हणाले.

"दादा, माझं वाचायचं राहिलंय. बारा मिनिटं द्याल?"

"वाचा की. आमच्या कानाला काय शाल पांघरलीय का?"

तिघे उपड्या ताटल्यांच्या ढिगाशेजारी बसले. बाईंनी वाचले. आधी आवाज सभेचा होता, मग साधा झाला. एका बाईने बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याचे दार बंद असल्याचे सांगितले होते, ते त्यांनी दोनदा वाचले. मलप्पा मान हलवत होते.

संपल्यावर ते म्हणाले, "ताई, एक इचारू? मार्क कमी पडले, दवाखाना नापास झाला, तर पुढं काय करतेत?"

त्या दिवसातला तो पहिला प्रश्न होता.

मनस्विनीबाईंनी कागद चाळले, शेवटच्या पानापर्यंत गेल्या. "हे विचारायचं माझ्याकडून राहिलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले, "गुरुजी, वाचला. ऐकायला तिघं होते. एक प्रश्न आला." पुढे तो प्रश्न लिहिला.

मलप्पांनी मला सोडायला घेतले. उजवी वरची कडी तेव्हाच तुटली. मी अर्धा लोंबत होतो तोवर उत्तर आले. बाईंनी ते मराठीत करून सांगितले, "तिघं पुष्कळ झाले. प्रश्न विचारणाऱ्याला नमस्कार सांगा. आम्हीही पाच वर्षं तेच विचारतो आहोत."

"असं हाय व्हय," मलप्पा म्हणाले आणि मार्केट यार्डामागच्या आपल्या घरी न्यायला माझी घडी करू लागले. बाईंनी दुसरे टोक धरले.

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. मी कुजत नाही, आमच्या जातीची तीच अडचण आहे. काळजी घ्यायचीच असेल तर त्या प्रश्नाची घ्या, तो अजून उघड्यावर आहे. कोणाला उत्तर सापडले तर मार्केट यार्डामागे येऊन मलप्पांना सांगा. शाल आणू नका. ते ऐकून घेतील.