चांद्याची वीण

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला दोन वाड्या समोरासमोर, मधे खोल दरी. दोन्हीकडे म्हशी पाळणारी माणसं. एका वाडीची लेक दुसरीत नांदायला जायची आणि रेडाही तसाच जायचा. रेड्याच्या पोटच्या वगारी, म्हणजे त्याच्या लेकी, माजावर यायच्या झाल्या की त्याला दरी उतरवून समोरच्या वाडीत नेऊन बांधायचा, तिकडचा इकडे आणायचा. का, ते कुणी विचारत नसे. भावकीत सोयरीक करत नाहीत, तसंच ते.

ही रीत मोडली नाथूने.

त्याचा रेडा चांद्या म्हणजे डोळ्यांत भरणारं जनावर. शिंगं मागे वळून मानेला टेकलेली, कपाळावर पांढरा चांद. त्याला देऊन टाकायचं नाथूच्या जिवावर आलं. समोरच्या वाडीतला मेव्हणा आबाजी ठरल्याप्रमाणे आपला रेडा घेऊन दरी चढून आला, तेव्हा नाथू अंगणात बसल्याबसल्या हसला.

"आबाजीभाऊ, ह्यो रेडा हाय का बोकड? दावं कशाला बांधलंत? काखेत मारून आणायचा व्हता!"

सगळी वाडी खदखदली. आबाजीने रेडा माघारी वळवला. पुढे आसपासच्या वाड्यांतले लोकही आपल्या म्हशी चांद्याकडेच आणू लागले आणि नाथूची मान आणखी ताठ झाली.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या साली चांद्याच्या लेकी व्यायला लागल्या. पहिलं रेडकू आंधळं निघालं. दुसऱ्याचे पुढचे पाय असे वाकडे की ते आईच्या आचळापर्यंत पोचेना. तिसरं मेलेलंच पडलं. नाथूने नजर लागली म्हणून देवाला कोंबडं दिलं. त्याची बायको धोंडूबाई आंधळ्या रेडकाच्या तोंडात आचळ देत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बापालाच लेकीवर सोडलात. देव काय करील त्याला?"

"गप गो!" तो खेकसला. पण त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

पोलादपूरच्या बाजारात गुरांचा डॉक्टर येई. नाथूने त्याला गाठून सगळं सांगितलं.

"या म्हशींचा बाप कोण?" डॉक्टरने विचारलं.

"चांद्या."

"आणि रेडकांचा?"

नाथू चाचरला. "त्योच."

"मग दुसरं काय होणार? पिल्लाला अर्धं आईकडून मिळतं, अर्धं बापाकडून. चांद्यात एखादा दोष दडलेला असेल. दुसरीकडून चांगलं आलं की तो झाकलेला राहतो. पण तोच दोष लेकीत उतरला आणि तिला पुन्हा बापच दाखवला, तर दोन्हीकडून तोच येतो आणि उघडा पडतो. परक्या रक्ताचा रेडा आणा. तुम्ही तरी भावकीत मुली देता का हो?"

शेजारी सुकट विकणारी बाई पदर तोंडाला लावून हसली. नाथूला वाटलं, आपल्याच घरातलं काही भर बाजारात बोललं गेलं. तो काही न घेताच निघाला आणि तसाच आबाजीच्या वाडीच्या वाटेला लागला.

वाटेत कोवळी जनावरं चरत होती. याच्याही कपाळावर चांद, त्याच्याही. पूर्वी तो थांबून मालकाला हाक मारायचा. आज त्याने नजर पायवाटेवरून उचलली नाही. परकं रक्त उरलं असलंच तर आता फक्त आबाजीकडे.

आबाजी अंगणात वेत सोलत होता. त्याला हल्ली कमी ऐकू येई.

"आबाजीभाऊ, रेडा पायजे व्हता," नाथू हळूच म्हणाला.

"काय म्हनता दाजी? मोठ्यानं बोला!"

"रेडा!" नाथू ओरडला. "तुमचा रेडा पायजे! माझी वीण बिघडली! बाप लेकीवर सोडला मी!"

घराघरांतून बाया बाहेर आल्या. आबाजीची सून अंबूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "कुठला रेडा मामंजी? बोकड तर आपल्याकडं व्हता!"

कुणी हसलं नाही, आणि ते नाथूला जास्त लागलं.

"तो ठेचून खच्ची करून घेतला," आबाजी म्हणाला. "तुमी हसलात, मंग पोरंबी हसाया लागली. आता नांगराला हाय. त्याचं एक रेडकू तेवढं हाय गोठ्यात. शेवटचं."

"ते द्या. पाया पडतो."

"नाय देनार. त्यावर समद्या वाड्यांचा हक्क हाय. जानतं झालं की तुमच्या म्हशी हितं आना. चांद्याला ठेचा. आन् तवर वाडीवाडीला जाऊन सांगा, चांद्याचे लेक चांद्याच्या लेकींना दाखवू नका म्हनून. माझं कोन ऐकनार? रेडा तुमचा बघून म्हशी आनल्या त्यांनी."

नाथूने मान हलवली. मान हलवलेली आबाजीला दिसली होती, तरी तो म्हणाला, "आं?"

"सांगतो!" नाथू ओरडला.

खालच्या वाडीत तो शिरला तेव्हा एक म्हातारी लगबगीने पुढे आली. "आवडे, घोंगडं आन गो! चांद्याचे धनी आलेत! नाथूबा, आवंदा वगार झाली बगा, बापावानी!"

घोंगडं अंथरलं गेलं. नाथू त्याच्या कडेला, उघड्या जमिनीवर बसला.

"अवो, वर बसा की."

"आधी माझं ऐका," तो म्हणाला. "मंग बसा म्हना, वाटलं तर."