दमल्याचा निरोप

मित्रांनो, मी हरण्या. वराळ्याच्या शिवेवरील गोठ्यात उभा असलेला, बैलगाडा शर्यतीचा एक वृद्ध बैल. माझ्या डाव्या अंगाचा खुंटा रिकामा आहे. तिथे बजरंग बांधला जाई.

आम्हां दोघांना दत्तोबांनी वासरपणापासून वाढवले. एकाच जोखडाखाली मान देत आम्ही धावायला शिकलो. घाटाच्या चढणीवर तो दमला की मला कळे. मी दमलो की त्याला. यात्रेत लोक आमच्यावर भंडारा उधळीत. दत्तोबा मात्र बरगड्यांवर हात ठेवून आमचा श्वास निवण्याची वाट पाहत, आणि मगच पाणी दाखवीत.

पुढे वय झाले, वेग मंदावला. गेल्या यात्रेत दत्तोबांचा भाचा निवृत्ती एक बाटली घेऊन आला.

"मामा, एकच सुई. दम लागनारच न्हाई बगा."

"आरं, जनावराला सोसंल का?"

"न सोसाया काय झालं? तुमी निस्ता फेटा बांदून फोटोला हुबं ऱ्हावा!"

आम्हां दोघांनाही सुई टोचली गेली. देहात उल्हास दाटला, पण तो माझा नव्हता. बजरंग शेजारी धावत होता. तरी त्याचा श्वास मला प्रथमच ऐकू आला नाही. आम्ही पहिले आलो. जोखड उतरले, तरी बजरंग थांबेना. तो पलीकडच्या शेतात धावत गेला आणि कोसळला. पुन्हा उठला नाही.

जनावरांच्या डॉक्टर माधवीताई आल्या, तेव्हा दत्तोबा त्याचे शिंग धरून बसले होते.

"दमला तर थांबायचा की वो. का न्हाई थांबला?"

"आबा, मेंदूतल्या दोन पेशींच्या मधे बारीक फट असते. रसायनं ती ओलांडून निरोप देतात आणि काम झालं की माघारी ओढली जातात. या औषधानं त्यांना माघारी जाऊच दिलं नाही. 'पळ, पळ' हाच निरोप वाजत राहिला. दमल्याचा निरोप त्याखाली दबून गेला."

दत्तोबांनी कमरेची चंची चाचपली. "आन् ही माजी तंबाकू?"

"ती खोटा निरोप्या. खऱ्याच्या जागी जाऊन बसते, आणि मग मेंदू तिचीच वाट बघत राहतो."

त्यानंतर कित्येक दिवस मला चारा गोड लागला नाही. माझ्यातील निरोप्यांचा साठाच रिता झाला असावा. तो हळूहळू भरला. डावीकडची जागा भरली नाही. आजही पाणी पिताना मी थोडे बाजूला सरतो, दुसऱ्या तोंडासाठी जागा ठेवतो.

यंदा यात्रा जवळ आली. निवृत्ती माझ्या जोडीला नवा खोंड आणि तीच बाटली घेऊन दारात उभा राहिला. बाटलीच्या त्या वासाने मी दाव्याला ताण देऊन मागे सरलो.

"मामा, अर्दीच टोचू. ह्यो म्हातारा लगीच दमतोय."

दत्तोबा उठले. माझ्या बरगड्यांवर त्यांनी तळहात ठेवला.

"दमू दे त्याला," ते म्हणाले. "बजरंगाला म्या दमू दिलं न्हाई."

निवृत्ती खोंडासह परत गेला. दत्तोबा त्या रिकाम्या खुंट्यापाशी, माझ्या डाव्या अंगाला बसून राहिले. चंची त्यांनी उघडली नाही.

मित्रांनो, थकवा हा वैरी नव्हे. तो देहाने आपल्यालाच धाडलेला निरोप आहे. त्याला वाटेत अडवू नका. माझ्या सोबत्यापर्यंत तो पोहोचला असता, तर आज ही कथा तुम्हांला आम्ही दोघांनी सांगितली असती.