सात नावांची बाटली

मी एक जुनी, पोचे पडलेली पाण्याची बाटली आहे, मित्रांनो. पण भंगार म्हणाल तर याद राखा! अ‍ॅल्युमिनियमची आहे, पोलीस खात्याची आहे, आणि खाकी अंगरख्याशिवाय चारचौघांत जात नाही. हल्ली माझा मुक्काम अमेरिकेत, ईडन प्रेरीला, शंतनूच्या घरी आहे. त्याचे वडील राजाराम गडचिरोलीला हवालदार होते, तेव्हापासून मी त्यांच्या कमरेला.

तिथल्या जंगलात तेव्हा नक्षलवाद्यांशी झुंज चालू होती. आठ जणांची तुकडी एकामागे एक चालायची, पुढे राजाराम. पाण्याची वेळ झाली की ते मला मागे द्यायचे आणि म्हणायचे, "धर मडावी." मडावी एक घोट घ्यायचा आणि पुढचं नाव घेऊन मला मागे सारायचा. पाणीही मिळायचं आणि गणतीही व्हायची. सगळ्यांत मागे दसरू उसेंडी. तो मला घेऊन धावत पुढे यायचा. "साहेब, तुम्ही प्यायलाच नाहीत. उरलंय ते घ्या."

एकदा राजाराम मलेरियाने आडवे झाले. "तापाला पाणी लागतं, साहेब," म्हणत उसेंडीने मला त्यांच्या उशाशी ठेवलं आणि तो गस्तीवर गेला. संध्याकाळी बातमी आली. भूसुरुंग फुटला होता. पाच पोलीस आणि राखीव दलाचे दोन जवान, सातही गेले. राजारामांनी पांढऱ्या ऑइलपेंटने सातही नावं माझ्या पोटावर लिहिली आणि वर अंगरखा चढवला. दर एकवीस ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, ते अंगरखा काढतात आणि आपल्या खोलीत एकटेच उभं राहून नावं मोठ्याने वाचतात. पस्तीस वर्षांत एकदाही खंड नाही.

यंदा आदल्या दिवशी सून हिमानीने मला, चांगल्या मनानेच, डिशवॉशरमध्ये घातलं. अरे देवा! बाहेर आले ती काळीठिक्कर, आणि पोट कोरं करकरीत!

"बाबा, सॉरी... उद्या तुमचा दिवस, म्हटलं जरा चकाचक करावी," हिमानी रडकुंडीला आली.

"रडू नकोस गं. नावं माझ्या डोक्यात आहेत," राजाराम म्हणाले.

सहा होती. सातवं काही केल्या येईना. दोन वर्षांपूर्वीच्या मेंदूच्या झटक्यापासून नावं त्यांना अशी चकवतात.

"ऑनलाइन सर्च करू या ना, बाबा. दोन मिनिटांत मिळेल," शंतनू म्हणाला.

"मिळेल रे. पण ज्याच्या हातचं पाणी प्यायलो, त्याचं नाव मी दुसऱ्याला विचारू?"

मला ठाऊक होतं ना नाव! पण मला मेलीला तोंड असून बोलता येत नाही. इतकी चडफडले मी!

सकाळी राजारामांनी बूट चढवले, मला काठोकाठ भरलं आणि सगळ्यांना बॅकयार्डमध्ये बोलावलं. "चला, लाइन करा." त्यांच्या मागे हिमानी, मग शंतनू, मग नात आरोही.

"आजोबा, वी आर ओन्ली फोर!"

"पिऊन झालं की मागे पळायचं. धर मडावी!"

हिमानीने घोट घेतला, मला मागे दिलं आणि लाइनीच्या शेवटी पळाली. आत्राम, नैताम, गेडाम, यादव, तिर्की... राजाराम नाव घेत होते आणि मी हातोहात फिरत होते. सातव्या खेपेला मी पुन्हा हिमानीकडे आले. राजाराम थांबले. सातवं नाव येईना. गार वारा सुटला होता.

हिमानीने मला हलवून पाहिलं. तळाशी घोटभरच पाणी होतं. ती न पिता धावत पुढे आली.

"बाबा, तुम्ही प्यायलाच नाहीत. उरलंय ते घ्या."

राजाराम मला धरलेल्या त्या हाताकडे बघतच राहिले.

"उसेंडी," ते पुटपुटले. मग असे गरजले, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "दसरू उसेंडी!"

पाणी प्यायले आणि तिथेच, सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून ते ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "शंतनू, खिळा आण. आता पेंट नको."

सातही नावं त्यांनी माझ्या पोटावर कोरून घेतली. शेवटचं हिमानीने कोरलं. दुखलं का म्हणता? दुखलं. दुखू दे की!

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासायला घेण्याआधी ती कोणाची, एवढं विचारा. गेलेल्यांची नावं मोठ्याने घ्या, घरातल्या पोरांनाही घ्यायला लावा. आणि पाणी पिताना दुसऱ्यासाठी घोटभर ठेवा. त्या सात जणांनी रोज ठेवला, म्हणून तो राजारामांपर्यंत पोचत होता.