लंगराचं घर

शिरड शहापूरच्या पुढं, ओढ्याच्या वरच्या अंगाला हटकरांची एक लहानशी वाडी आहे. वाडीच्या टेकाडावर खंडोबाचं ठाणं, आणि टेकाडाच्या पायथ्याशी शिवहारचं घर. त्या घराला सगळे लंगराचं घर म्हणत. लंगर म्हणजे देवाची लोखंडी साखळी. चंपाषष्ठीला ती देवळापुढच्या दगडी खुंट्याला अडकवायची आणि लंगराच्या घरच्या कर्त्या पुरुषानं हिसका मारून तोडायची, अशी चाल. हिसके तीनच. कडी तुटली की भंडारा उधळायचा, येळकोट म्हणायचं, वाडीचं वर्ष सुखाचं जाणार म्हणून बायकांनी देवाला निवद दाखवायचा. तो निवद लंगराच्या घरच्या बाईच्या हातचा.

आणि नाहीच तुटली तर? तर जुनी माणसं म्हणत, की तोडणारा माणूस नसतोच, देव तोडतो, माणूस नुसता हात लावतो. देवानं जोर दिला नाही याचा अर्थ घरात पाळणूक मोडली. दसऱ्यापासून चंपाषष्ठीपर्यंत त्या घरात मटण नाही, अंडं नाही, शिळं नाही. ही पाळणूक बाईच्या हातातली, म्हणून चूक झाली तर बाईची. मग वर्षभर तिनं देवाच्या दिव्याला हात लावायचा नाही, निवद रांधायचा नाही.

शिवहारनं हे एकदा पाहिलं होतं. तो लहान असताना वडिलांचा लंगर तुटला नव्हता, आणि त्याची आई, चंद्रभागाबाई, त्या वर्षी सणासुदीला चुलीपासून लांब, दाराशी बसून राहायची. कुणी रागावलं नाही, कुणी हाकललं नाही. पण तिच्या हातचा घासही कुणी देवापुढं नेला नाही. दुसऱ्या वर्षी लंगर तुटला आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं. आई मात्र तेव्हापासून मोठ्यानं हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आता लंगर शिवहारकडं होता. वय अठ्ठेचाळीस, धंदा दुधाचा. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या आणि मोटरसायकलला कॅन अडकवून वसमतला डेअरीवर दूध घालायचं. पोट सुटलेलं, जिना चढला की धाप. गेल्या चंपाषष्ठीला कडी तिसऱ्या हिसक्याला कशीबशी तुटली होती. दुसरा हिसका वाया गेला तेव्हा लोकांच्या नजरा त्याच्याकडं नव्हत्या. त्या अंजलीकडं वळल्या होत्या.

अंजली त्याची बायको. ही बाई उजाडायच्या आत अंघोळ करून देवापुढं दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. आयतवारचा उपास तिनं लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. रोजच्या भाकरीतला पहिला तुकडा देवापुढं ठेवायचा, मगच घरच्यांना वाढायचं. तिला दागिन्याची हौस नव्हती, माहेरचीही फार ओढ नव्हती. देवापुढचं ते हातभर ठिकाण एवढंच तिचं स्वतःचं म्हणावं असं होतं. तेच कुणी काढून घेतलं तर ही बाई जगेल कशी, हा विचार शिवहारला वर्षभर पोखरत राहिला.

देवाचा जोर देवाला ठाऊक. आपल्या हातात असलेला जोर तरी वाढवू, असं म्हणून तो एक दिवस वसमतला कपड्याच्या दुकानावरच्या जिममध्ये शिरला. तिथं सगळी तरणी पोरं, आरशापुढं दंड फुगवणारी. त्यांच्यात हा दुधाचा वास येणारा, धोतर सोडून नुकताच पॅन्टमध्ये शिरलेला माणूस. कुणीतरी विचारलं, काका, दूध वरती द्यायचंय का? शिकवणारा जब्बार मात्र हसला नाही. तोही चाळिशीचाच. त्यानं रक्तदाब मोजला, गुडघे वाकवून पाहिले आणि सांगितलं, "चाचा, इस उमर में भी मसल बनता है. बस हड्डी-जोड़ की सुनते रहना."

घरी शिवहारनं काहीच सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. लंगर देव तोडतो म्हटल्यावर माणसानं जोर कमवायला जाणं म्हणजे देवावर भरवसा नाही असंच झालं असतं. दूध घालून झालं की तो जिना चढायचा. पहिले काही दिवस बसलं तर उठता येईना, म्हशीच्या आचळाला हात लावला की बोटं थरथरायची. पुढं पुढं मात्र अंगाला गोडी लागली. पोट आत गेलं. रॉडला प्लेटा चढत गेल्या. आरशात पाठ दिसली तेव्हा त्याला क्षणभर कळेना की ही कुणाची. वाडीत लोक म्हणू लागले, शिवहार नवरदेव व्हायला निघालाय. आईला तर वाटलं, वसमतला कुणीतरी बाई आहे. तिनं अंजलीला तसं सुचवूनही पाहिलं. अंजली गालात हसली आणि म्हणाली, "असू द्या. दूध तर बराबर घालून येतात ना."

जब्बारनं सांगितलं होतं, या वयात नुसत्या भाकरी-डाळीवर दंड भरत नाहीत, अंडी खात जा. दसऱ्यापर्यंत शिवहारनं जिमखालच्या गाड्यावर खाल्ली. दसऱ्याला सोडली. आणि दिवाळीच्या सुमारास उजव्या खांद्यात काहीतरी करकन झालं. हात डोक्याच्या वर जाईना. जब्बारनं दाबून पाहिलं, चेहरा लांब केला आणि म्हणाला, "अब दो महीने आराम."

दोन महिने कुठले? चंपाषष्ठी महिन्यावर आलेली. शिवहारनं आराम केला नाही. डाव्या हातानं जास्त, उजव्यानं सोसेल तेवढं, असं करत राहिला. जोर उतरत चालला तसा जीव घाबरा झाला. मग एके दिवशी तो पुन्हा त्या गाड्यावर उभा राहिला. देवाच्याच कामाला खातोय, असं मनाशी म्हणत त्यानं उकडलेली अंडी सोलली, टरफलं कागदात बांधली आणि घाईनं पिशवीत कोंबली. त्या दिवसानंतर रोजच. घरी गेल्यावर अंजली तांब्याभर पाणी घेऊन दारात उभी असायची. तो तिच्याकडं न बघता पाय धुवायचा. जिच्यासाठी हे चाललं होतं, तिच्याच डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

सोडून द्यावं तर लंगर तुटणार नाही. चालू ठेवावं तर पाळणूक मोडली. खरं सांगावं तर कुणाला? रात्री कूस बदलताना खांदा कळवळायचा आणि तो ओठ आवळून पडून राहायचा, कारण हुं केलं असतं तरी ती उठून बसली असती.

चंपाषष्ठीचे सहा दिवस अंजलीनं फळावर काढले. षष्ठीला ती टेकाडावर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण निवदाचं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. वाडी जमली होती. खुंट्याला लंगर अडकवून ग्यानोबांनी त्यावर भंडारा टाकला. ग्यानोबा वाडीतले सगळ्यांत वडील, अंजलीला मामा लागणारे, स्वभावानं मऊ माणूस.

शिवहारनं साखळी मनगटाला वेढा देऊन धरली. पहिल्या हिसक्याला खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं पिवळं झालं, आणि तो भंडारा नव्हता. कडी जागची हलली नाही. दुसऱ्या हिसक्याला साखळी त्याच्याच हातातून निसटली.

ढोल थांबला.

तिसऱ्या हिसक्याआधी घरच्या बाईला विचारायची चाल होती. ग्यानोबा वळले. "अंजले, पाळणूक बराबर झाली का?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. झाली, देवाच्या कृपेनं. एवढं म्हणायचं आणि मागं सरायचं. अंजलीनं ताटाकडं पाहिलं, मग देवाकडं. तिच्या तोंडून जन्मात खोटं गेलेलं नव्हतं, हे वाडीला ठाऊक होतं.

"न्हाई, मामा," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडून चुकलं."

बायका जरा मागं सरल्या. तेवढ्यात चंद्रभागाबाई काठी टेकत पुढं आली आणि तिनं सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं. तिचा स्वतःचा चेहरा दगडासारखा होता. ताट घेताना तिची बोटं सुनेच्या बोटांवर जराशी थांबली आणि मग निघून गेली.

शिवहार पुढं आला. "तिचं काई चुकलं न्हाई," तो म्हणाला. "माझा खांदा गेलाय. दिवाळीपासून हात वर होऊन न्हाई राहिला. अठ्ठेचाळीस झाले मला, ग्यानोबा. अंग आहे, झिजतंच."

मागून कुणीतरी हसलं. त्याच्या बापानं साठीच्या घरात तोडल्याची आठवण कुणीतरी काढली. दंड बघा म्हणे, आणि खांदा गेलाय म्हणे. ग्यानोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "खांद्याचा इथं काय संबंध, लेकरा? तोडणारा तू हायेस का?"

तोडणारा आपण म्हणावं तर देव नाही म्हटल्यासारखं. तोडणारा देव म्हणावं तर अंजली दोषी. शिवहार त्या सगळ्या ओळखीच्या, मायेच्या चेहऱ्यांकडं पाहत राहिला. यातला एकही वैरी नव्हता. भांडायला तरी कुणी असता तर बरं झालं असतं.

"मग ऐका," तो म्हणाला. "मी अंडी खाल्ली. दसऱ्यानंतर. वसमतला जिमला जातो, तिथं, रोज. हिला मालूम न्हाई."

गर्दीतून सुटकेचा श्वास गेल्यासारखं झालं. खांदा कुणाच्या पचनी पडला नव्हता. अंडी एका क्षणात पडली. काहून खाल्ली, हे कुणी विचारलंही नाही. ग्यानोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, नेमका दुखऱ्या खांद्यावर, आणि सगळं नीट लावून दिलं. तिसरा हिसका आता मारायचा नाही. अंजलीला ताट परत. शिवहारनं वर्षभर देवाला शिवायचं नाही. ते जिमचं खूळ बंद, तिथंच हे सगळं शिकला. आणि न तुटलेला लंगर चालीप्रमाणं लंगराच्या घरातच राहील, रोज त्याची पूजा होईल. चूक कळली आहे, तेव्हा पुढच्या चंपाषष्ठीला शिवहारच्याच हातून तो तुटणार, यात शंका नाही.

"दुसऱ्या कुणाला द्या," शिवहार म्हणाला.

"देवानं दिलेलं घर आपण कसं बदलणार?" ग्यानोबा म्हणाले आणि मायेनं हसले.

घरी आल्यावर अंजलीनं लंगर देवघराच्या कोपऱ्यात पाटावर ठेवला. शिवहार उंबऱ्याच्या बाहेर थांबला, कारण आता त्याला आत जायची बंदी होती. तिथूनच त्यानं विचारलं, की तिनं तसं काहून म्हटलं. न केलेल्या चुकीची कबुली देऊन तिनं त्याच्या सगळ्या वर्षाची माती केली, असंही तो म्हणून गेला.

"खोटं कुठं बोलले मी?" अंजली म्हणाली. "दिवाळी झाल्यावर तुमची पिशवी धुताना टरफल घावलं होतं. तवापासून मालूम होतं मला."

"मग बोलली काहून न्हाई?"

ती वातीची काजळी झटकत राहिली. म्हणाली, की किती वर्षांनी तुमचं तोंड उजळ दिसत होतं. औंदा सकाळी दुधाला निघताना तुमी गुणगुणायला लागला होता. बोलले असते तर तुमी सोडलं असतं. "मी गप बसले, ही पाळणूक मोडलीच ना? देवाला काय सांगू, की नवऱ्याचं गुणगुणणं ऐकायचं होतं म्हणून?"

शिवहारला सांगायचं होतं, की हे सगळं तुझ्यासाठीच चाललं होतं, तुझा दिवा तुझ्याकडं राहावा म्हणून. पण टेकाडावरच्या त्याच्या बोलण्यातून तिला ते कळलं होतं, आणि ठाऊक असूनही दोघं जिथल्या तिथं होते. मधे पाटावर लंगर पडला होता.

सकाळी अंजलीनं दिवा लावला, लंगराला हळद-तेल लावलं, एकेक कडी पुसून घेतली. शिवहार बाहेरच्या खोलीत सदरा घालायची खटपट करत होता. डावी बाही चढली, उजवी चढेना. वाटीतली उरलेली हळद तेलात गरम करून ती बाहेर आली आणि काही न विचारता त्याच्या खांद्यावर लावू लागली. तिचा अंगठा एका जागी आला तसा तो आखडला.

"दुखतंय का?"

न्हाई म्हणायची सवय जिभेवरच होती. "व्हय," तो म्हणाला. "लई."

तिनं अंगठा तिथंच हलका केला आणि गोल गोल फिरवत राहिली. पुढच्या वर्षाचं दोघांच्याही मनात होतं, पण ते कुणीच काढलं नाही. बाहेर अंगणात ग्यानोबांच्या खोकल्याचा आवाज आला. लंगराची पूजा झाली का, ते बघायला ते आले होते. अंजलीनं सदऱ्याची बाही सावकाश चढवली, हळदीनं माखलेला खांदा नीट झाकला, आणि पदर सावरत दार उघडायला गेली.