कांडप गिरणीचा फळा

आमच्या कांडप गिरणीसमोर फळा टांगायची अक्कल ओमप्रकाशची. हा आमच्या ह्यांचा मित्र. गांधीबागेतल्या कापडदुकानांच्या पाट्या रंगवायचा. चार व्यापाऱ्यांच्या गाद्यांवर बसून चहा प्यायल्यामुळे धंदा कसा वाढतो ते आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत होती.

"मनोहरराव, फळ्यावर रोज काहीतरी नवं लिहा," तो म्हणाला. "लोक वाचाले थांबते. थांबला तो आत आलाच समजा."

ह्यांना ते पटलं. ह्यांना ओमप्रकाशचं सगळंच पटतं.

नंदनवनात तेव्हा नवी घरं उठत होती. मिरची-मसाला कांडायचं यंत्र टाकलं की बायकांची रांग लागेल, या भरवशावर आम्ही भिवापूर सोडून आलो. यंत्र बसलं, लोखंडी मुसळं उखळात वरखाली नाचायला लागली, रांग काही लागली नाही. माझे मोठे दीर भैयाजी निरोप पाठवून मोकळे झाले. या उन्हाळ्यात गिरणी चालली तर ठीक, नाहीतर यंत्र विका आणि घरी या. घरी म्हणजे भिवापूरला, त्यांच्या हाताखाली. आमच्या बेबीला बाळदमा होता. नागपुरात तिची छाती वाजायला लागली की रिक्षा करून डॉक्टर गाठता यायचा. भिवापूरला एसटीची वाट बघत बसावं लागलं असतं. तिखटाचा वारा लागू नये म्हणून आम्ही गिरणीपासून लांब खोली घेतली होती. गिरणीवर जाताना मी तिला शेजारच्या शोभाताईंकडे ठेवत असे आणि तिथे पोचेपर्यंत दोनदा मागे वळून पाहत असे. वर्षाचं तिखट उन्हाळ्यातच होतं. तो उन्हाळा मला वाया जाऊ द्यायचा नव्हता.

पहिल्या दिवशी फळ्यावर आलं, 'नागपुरातील सर्वोत्कृष्ट कांडप. एकदा अवश्य भेट द्या.' नागपुरात पानठेलासुद्धा सर्वोत्कृष्ट असतो. दुसऱ्या दिवसापासून सुविचार सुरू झाले. चारित्र्य, परिश्रम, वेळेचं मोल. शाळेची पोरं ते मोठ्यानं वाचायची आणि हसत पळायची. एक पेन्शनर मात्र रोज थांबायचे, वाचायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. त्यांना मिरची वर्ज्य होती.

"पाह्य, लोक थांबून राहिले," हे म्हणाले.

"थांबतात. मिरची कोण आणतं?"

"तुले धंद्यातलं काय समजते? हळूहळू नाव होते."

मी बी.ए. झालेली. पण धंद्यातलं समजायला गांधीबागेतला चहा प्यावा लागत असावा.

डोक्यावर गाठोडी घेऊन बायका आमच्या दारावरून पलीकडच्या जुन्या गिरणीवर जात होत्या. त्यातल्या पंचफुलाबाईंना मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचं उपासाचं तिखट असते बाई. तुमच्या यंत्रात आधी काय कांडलं, मले काय माहीत?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं. नेमाची घरं उपासाचं तिखट वेगळं करतात. त्यात धण्याचा कण नको, हळदीचं बोट नको. गेला तर उपास मोडला. चारित्र्यावर लिहिणाऱ्या माणसाचं उखळ धुतलेलं आहे का, हे फळा कुठे सांगत होता?

मी खडू उचलला. 'सकाळी फक्त उपासाचं तिखट. त्याआधी उखळ गरम पाण्यानं धुऊन कोरडं केलेलं असतं. मग साधी मिरची. मसाला दुपारी. हळद सर्वांत शेवटी.' दुसऱ्या दिवशी देठांबद्दल लिहिलं, घरीच काढून आणा, देठ कांडले गेले की तिखट फिकं पडतं. मग एक दिवस आभाळ भरून आलं, तेव्हा लिहिलं, मिरची सादळली असेल तर आज आणू नका.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "लोकायले आणू नका म्हणून सांगून राहिली?"

ओमप्रकाश हसला. "वहिनी, हे काय पाकशास्त्र काढलं? गिऱ्हाइकाले स्वप्न दाखवाव लागते."

"तिखटाचं कसलं स्वप्न दाखवू?"

ते मला कळणार नाही, असं तो म्हणाला आणि आणखी एक कप चहा पिऊन गेला.

आता बायका थांबून वाचू लागल्या. दोघी-चौघी आत आल्या. बाकीच्या देठांची युक्ती घेऊन त्याच जुन्या गिरणीवर गेल्या. "फुकटचं घेऊन जाऊन राहिल्या," हे मला ऐकवायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होतीच. तेवढ्यात ह्यांनी रुपरावजी नावाचं गिऱ्हाईक ठरवलं, मिरचीचं नव्हे, यंत्राचं. ते शुक्रवारी यंत्र पाहायला येणार होते.

त्याच आठवड्यात प्रयागबाई आल्या. दूधवाला कोणता ठेवावा इथपासून सून कुठली करावी इथपर्यंत तीन गल्ल्या त्यांचं ऐकत. त्यांनी उपासाची मिरची आणली आणि नेमकी मी बेबीच्या तापामुळे घरी. मी पोचले तेव्हा त्या तिखट घेऊन गेल्या होत्या, आणि उखळाला लवंगेचा, दगडफुलाचा वास येत होता.

"आधी मसाला कांडलात?"

"थोडासाच. एक बाई घाईत होती."

"उखळ धुतलं?"

"फडक्यानं पुसलं ना. कोणाले समजते?"

एकादशी परवावर आली होती. प्रयागबाईंचं घर मला ठाऊक नव्हतं. मी फळा पुसला आणि लिहिलं, 'आज उपासाच्या तिखटाआधी मसाला कांडला गेला. उखळ धुतलं नव्हतं. चूक आमची. ते तिखट उपासाला घेऊ नका. आमची मिरची घालून पुन्हा कांडून देऊ.'

ह्यांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं. मी पुन्हा लिहिलं.

"रुपराव शुक्रवारी येऊन राहिला. असं वाचलं तर यंत्राचा भाव तरी येईल का?"

"आणि यंत्र गेलं की बेबीला घेऊन कुठे धावू? तेही सांगा."

त्यावर ओमप्रकाशनं काही शिकवलेलं नव्हतं. ह्यांनी फडकं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयागबाई तिखटाचा डबा घेऊन हजर. फळ्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी अक्षरन् अक्षर वाचलं.

"कोणं लिहिलं हे?"

"मी."

"माझंच तिखट ना? उद्या भगरीवर घेतलं असतं मी हे."

"म्हणूनच लिहिलं."

त्या ह्यांच्याकडे वळल्या. "काहून गा मनोहर, तुह्या तोंडात मूग होते का? बायकोले लिहाव लागलं."

हे यंत्राचा पट्टा तपासू लागले. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

"धू माह्यासमोर," म्हणत प्रयागबाई पोत्यावर बसल्या. मी उखळ धुतलं, ह्यांनी पुसलं. बाईंनी आत वाकून वास घेतला आणि मग मिरची ओतू दिली.

कांडून होईपर्यंत त्या बोलत होत्या. "त्या जुन्या गिरणीवाल्याच्या हातून म्हणे कधी चूकच झाली नाही. अशी कोणती गिरणी असते वं? इतक्या वर्षांत उपासाले काय काय खाल्लं असंल मी, देवालेच माहीत."

हेच त्यांनी तीन गल्ल्यांत सांगितलं असणार. शुक्रवारी रुपरावजी आले तेव्हा गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. उपासाच्या मिरचीची गाठोडी ओळीनं लागली होती. एक गाठोडं मोकळं झालं की मी उखळ धूत होते.

"जरा बंद करा यंत्र. मुसळं पाहू द्या," रुपरावजी म्हणाले.

"बंद काहून?" प्रयागबाई साध्या मिरचीचं पोतं घेऊन आल्या होत्या. "नंबर आहे इथं. हळद झाली की या."

रुपरावजी उन्हात उभे राहिले, शिंकले, फळा वाचला, पुन्हा शिंकले. मग त्यांनी ह्यांना बाहेर बोलावलं. "विकाचं आहे का नाही, एकदाचं सांगा ना."

ह्यांनी आत माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. उखळाच्या कडेला आधीच्या मिरचीचा कण अडकलेला दिसत होता.

"सध्या नाही जी," ह्यांनी सांगितलं. "मीच विचार बदलवला."

मी कण काढला, उखळ पुसलं आणि पुढचा नंबर कोणाचा ते विचारलं.