दूध, अंडी आणि सासूबाईंचा हात

मित्रांनो, सुनेला काय मिळणार होतं ते आधी ऐका, माझी ओळख मागून करून देतो. कोपऱ्यावरच्या कॉफीहाउसमध्ये तिला सकाळची जागा मिळणार होती. सात ते अकरा, काउंटरच्या आतल्या बाजूला. लग्नाआधी तिने हेच काम केलं होतं, आणि घरात भाजी निवडतानाही तिचा जीव तिथेच घुटमळायचा. मालकिणीची अट एकच होती. सणासुदीच्या दिवसांत त्यांच्याकडे एगनॉग लाटे फार खपतं. म्हणजे अंड्याच्या बलकाचं गोड, दाट दूध, त्यात कडक कॉफी, वर फेस आणि जायफळ. ते रविवारी चार वाजता घरच्या गॅसवर करून दाखवायचं. "मशिनवर कोणीही करतं," मालकीण म्हणाली होती. "मशिन बंद पडलं की माणूस कळतो."

हे सगळं ज्याच्यात शिजायचं होतं, तो मी. एक जुना, जाड बुडाचा, दांडीचा टोप. पत्र्याच्या चकतीवर कारखान्यात दट्ट्या आपटला आणि मी खोल झालो. दोन रिव्हेट ठोकून दांडी बसवली. तिसरा ठोकायचा होता, पण जेवणाची सुट्टी झाली. म्हणून माझी दांडी आजही जराशी डुगडुगते.

सासूबाईंनी मला विकत आणलं, तेव्हा त्यांच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. नुकताच आजारातून उठलेला. कच्च्या दुधाने तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी बजावलं, "दूध वर आल्याशिवाय खाली उतरवायचं नाही." त्या दिवसापासून सासूबाईंनी एकदाही न उकळलेल्या दुधावर विश्वास ठेवला नाही, आणि माणसांवरही बेतानेच ठेवला. रोज सकाळी माझ्यात दूध वर यायचं, त्या फुंकर मारायच्या, गॅस बंद करायच्या. छत्तीस वर्षांत ते सवयीचं झालं. बारीक गॅसवर दूध दिसलं, की डोक्याला कळायच्या आत हात बटणावर जाऊन गॅस मोठा करायचा.

मध्यंतरी न चिकटणारी नवी भांडी आली, दूध त्यांच्यात वर यायला लागलं आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. पाच वर्षं माझ्यात कपड्यांचे चिमटे राहत होते. सुनेने मला खाली काढलं, बुडावर बोटं आपटली आणि म्हणाली, "हाच पाहिजे. पातळ भांड्यात अंडं लगेच धरतं." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी अजून जगतो आहे.

गुरुवारी पहिला प्रयोग झाला. तिने बलक आणि साखर फिकट पिवळं होईपर्यंत फेटलं. दूध आणि साय माझ्यात गरम केली, त्यात दालचिनी, दोन लवंगा टाकल्या. मग ते गरम दूध पळीपळीने बलकात घातलं. एकदम ओतलं तर अंडं दचकतं. सगळं परत माझ्यात आलं आणि गॅस इतका बारीक, की मला गुदगुल्या होत होत्या. चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवायचं, उकळी मात्र येऊ द्यायची नाही. सून गाळणी आणायला वळली. तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या भरायला आल्या, जाता जाता त्यांनी बटण पिरगाळलं आणि निघूनही गेल्या.

सून परतली तेव्हा माझ्यात गोड ऑम्लेट पोहत होतं.

"गॅस आपोआप वाढला!" ती ओरडली. "बटण ढिलं झालंय."

घड्याळवाल्यांना हाक गेली. घड्याळवाले म्हणजे सुनेचे यजमान आणि सासूबाईंचा तोच तो मुलगा. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि अर्धा तास बटणाची नाडी तपासली. सासूबाई शेजारी उभ्या राहून बॅटरी धरत होत्या.

"अहो, सापडलं का काही?"

"काही नाही गं. अगदी वेळेवर चालतंय."

"बटण काय वेळेवर चालेल!" सासूबाई म्हणाल्या. "नीट बघ रे. पोरीची अंडी वाया गेली."

मी सगळं पाहत होतो, पण टोपाला तोंड कितीही मोठं असलं, तरी बोलता येत नाही.

शनिवारी पुन्हा तेच. सून फोन घ्यायला गेली, सासूबाई फडकं घ्यायला आल्या. या वेळी गुठळ्या जरा मोठ्या झाल्या. संध्याकाळी सून ओट्याला टेकून बसली. "जमत नाहीये मला," ती म्हणाली. "उद्या नाही म्हणून कळवते." सासूबाईंना वाईट वाटलं. मनापासून. त्या म्हणाल्या, "असं कसं? उद्या मी इथेच थांबते, तुझ्या मदतीला." माझ्या दोन्ही रिव्हेटना घाम फुटला.

रविवारी तीन वाजता शेवटची तीन अंडी उरली होती. सुनेने दुधाखाली बारीक गॅस पेटवला. बलक फेटताना तिची नजर सहज वळली, आणि सासूबाईंचा हात तिने बटणावरच पकडला.

"आई! तुम्ही?"

"काय मी?"

"गॅस तुम्ही वाढवत होतात! तीन दिवस मी बटणाला शिव्या घालतेय!"

सासूबाईंनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा आहे. मग कबूल करायचं सोडून त्या ताठ झाल्या. "वाढवला असेल. पण बिघडलं ते तुझ्या अंड्यांमुळे. दूध कधी बिघडलंय माझ्या हातून? आणि न उकळलेलं दूध मी लोकांना पाजू देणार नाही. हा दोन वर्षांचा होता तेव्हा..."

"माहीत आहे," सून म्हणाली. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. आणि तिनेच बटण पूर्ण पिरगाळलं. नुसतं दूध माझ्यात भरभरून वर आलं. सासूबाईंनी फुंकर मारली. सुनेने गॅस बंद केला.

"आलं वर? झालं तुमचं समाधान?"

"झालं."

"मग आता यापुढचं माझं. हा चमचा धरा. ढवळत राहा, आणि पाठीवर थर धरला की मला सांगा."

दूध जरा निवल्यावर बलक पडला, बारीक गॅस लागला. सासूबाई उजव्या हाताने ढवळत होत्या आणि डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता, स्टुलावर बसून. बारा मिनिटं. दोनदा तो हात सुटला, दोनदा त्यांनी तो परत दाबला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, धरला बघ थर."

चारला मालकीण आली. सुनेने कॉफी ओतली, बरणीत दूध हलवून काढलेला फेस वर घातला, जायफळ किसलं. मालकिणीने एक घोट घेतला. दुसरा घेतला. "ढवळलं कोणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "बाकी किरकोळ काम हिने केलं."

मालकीण हसली आणि सुनेला म्हणाली, "उद्या सातला ये."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुनं भांडं फळीवर टाकण्याआधी त्याच्या बुडावर एकदा बोटं वाजवून पाहा. आणि काही करपलंच, तर गरम पाणी घालून भिजत ठेवा, तारेची घासणी घेऊन धावू नका. आम्हाला वेळ लागतो, तुमच्यासारखाच.

राहिलं ते कोणाच्या वाट्याला काय आलं एवढंच. सासूबाईंना आता मंद आचेचा नाद लागला आहे. सकाळचं दूधही त्या थेंबभर गॅसवर ठेवतात आणि चमच्याची पाठ बघत बसतात. साडेआठ वाजतात, तरी दूध वर येत नाही. घड्याळवाले उपाशीपोटी दुकानाला निघतात, वाटेत कोपऱ्यावर थांबतात आणि एक लाटे मागतात. घरच्या माणसाला सवलत नाही, असं सून हसून सांगते. ते मुकाट्याने पूर्ण पैसे मोजतात.