चोवीसपैकी चार

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात कोणालाही पैकीच्या पैकी दिले नाहीत. शिकवायचे गणित, म्हणजे जिथे उत्तर एकतर बरोबर असतं नाहीतर चूक. पण त्यातही ते मधलं काहीतरी शोधून काढायचे. उत्तर बरोबर, रीत बरोबर, पण समास आखलेला नाही, झालं, पाव मार्क गेला. शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे 'पावमार्क' म्हणायची. बाबांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं मनातून आवडतही होतं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी हात शिवशिवायचे थांबलेले नाहीत. आईच्या भाजीला दहापैकी सहा, शेजाऱ्यांनी लावलेल्या रंगाला साडेचार. माझ्या मोडलेल्या लग्नाचा निकाल त्यांनी अजून राखून ठेवला आहे.

अशा माणसाच्या हातात जनावरांच्या दवाखान्याने गुणपत्रिका दिली.

ढब्बू आमची कुत्री. वय दहा, अंगाने नावाप्रमाणेच. तिच्या स्तनांमध्ये गाठी आल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी डाव्या बाजूची सगळी ओळच काढून टाकली. टाके छातीपासून थेट जांघेपर्यंत. अंगात झबल्यासारखं पांढरं कापड आणि गळ्यात प्लॅस्टिकचं भलंमोठं नरसाळं, अशा थाटात ती घरी आली. मी तिच्यासाठी आठ दिवसांची रजा टाकून आले होते. मी विमा कंपनीत दावे तपासते. लोकांचं दुखणं खरं की खोटं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे बाबांना हसायचा मला तसा फारसा हक्क नाही. पण मी हसते.

दवाखान्यातून निघताना सिस्टरने सगळं नीट समजावून सांगितलं. पातळ औषध रोज सकाळी खाण्याबरोबर. आणि ही दुसरी, दुखण्यावरची गोळी. ती कधी द्यायची हे या कागदावरून ठरवायचं. कागदावर सहा प्रश्न होते. कण्हते का, जखमेकडे सारखं बघते का, चालते कशी, जखमेजवळ हात लावला तर काय करते, चेहरा कसा आहे, बसते-झोपते कशी.

"एकूण गुण चोवीस," सिस्टर म्हणाली. "दुखणं जेवढं जास्त तेवढे गुण जास्त. सहा झाले की गोळी द्यायची. मग दर आठ तासांनी चालू ठेवायची. हात आखडता घ्यायचा नाही."

"म्हणजे उत्तीर्ण व्हायला सहा लागतात," बाबा म्हणाले.

सिस्टर हसली. तिला वाटलं काकांनी विनोद केला. आई आणि मी मात्र हसलो नाही.

घरी आल्याआल्या बाबांनी गोळ्यांचं पाकीट आणि तो कागद आपल्या टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. परीक्षा दिवसातून तीनदा, बाहेरच्या खोलीत. बाबा खुर्चीत बसायचे, चष्मा चढवायचे आणि हाक मारायचे, "ढब्बू!" ती मागच्या खोलीत असायची. हाक ऐकू आली की नरसाळं दाराच्या चौकटीवर आपटत, शेपटी हलवत हजर.

"चालणं," बाबा लिहिता लिहिता बोलायचे, "व्यवस्थित. शून्य. चेहरा, प्रसन्न. शून्य. कण्हणं, अजिबात नाही." मग वाकून टाक्यांच्या कडेला बोट लावायचे. ढब्बू अंग आक्रसून घ्यायची आणि ओठांवरून जीभ फिरवायची. "नुसती जीभ फिरवली. एक."

उरलेल्या दोन प्रश्नांचे तीन धरून बेरीज चार. चोवीसपैकी चार.

"बाबा, ती धापा टाकतेय," मी म्हटलं. "उकडत नाहीये, काही नाही. तरी धापा टाकतेय."

"धापा हा प्रश्न कितवा? दाखव मला."

"तसा प्रश्न नाहीये, पण..."

"मग त्याला गुण नाहीत. विचारलंय तेवढंच तपासायचं असतं."

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने स्वतः कागद भरला आणि अकरा दिले. बाबांनी तो चष्म्याच्या वरून पाहिला, खालून पाहिला, आणि एकेका गुणावर काट मारत परत चारवर आणून ठेवला. "भावनेच्या भरात तपासलेला पेपर आहे हा," ते म्हणाले. "गरज नसताना गोळी देणं म्हणजे मुलाला कॉपी करू देण्यासारखं आहे. गुंगीत लोळत पडेल बिचारी. बघ कशी ताठ उभी आहे. वाघीण आहे माझी."

आईला म्हटलं, तू तरी सांग. ती कणीक मळत होती. "त्यांच्या कलाने घे गं," एवढंच म्हणाली. चाळीस वर्षं ती त्यांच्या कलाने घेते आहे, आणि तो कल एक इंचही हललेला नाही.

बाबांचा ढब्बूवर जीव नाही असं कोणी म्हणू नये. ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होते, चहालाही उठले नाहीत. घरी आल्यावर भात मऊ करून, चमच्याने, नरसाळ्यात तोंड घालून भरवत होते. स्वतःच्या मुलीला त्यांनी असं कधी भरवल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच जास्त संताप यायचा. दुष्ट माणसाशी भांडता येतं. प्रेमळ आणि ठामपणे चुकणाऱ्या माणसापुढे डोकं आपटून घ्यायचं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल घ्यायला मागच्या खोलीत गेले. दार अर्धवट उघडं होतं. ढब्बू कपाटाकडे तोंड करून उभी होती, मान खाली, मागचे पाय थरथरत. माझ्या पायाखाली फरशी वाजली, तशी तिने मान वर केली आणि शेपटी हलवली. मी पाहुणी आहे आणि तिने माझं स्वागत करायला हवं, असंच जणू तिला वाटत होतं. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि त्या आवाजाच्या आडून दवाखान्यात फोन लावला. वय वर्षं छत्तीस. बाप ऐकेल म्हणून नळ सोडून फोन.

सिस्टर अकराच्या सुमाराला आली. बाबांनी तिच्यापुढे कागद ठेवले, तारीखवार, टाचणी लावून. तिने वाचलं. चार, तीन, चार, साडेतीन.

"काका, यात अर्धा गुण नसतो."

"मी देतो," बाबा म्हणाले.

तिने कागद बाजूला ठेवले. "तुम्ही हाक मारली की येते ती?"

"पळत येते," बाबांची छाती फुगली. "हाकेला ती कधी कमी पडत नाही."

"मग आता हाक मारू नका. चपला घाला, दार आपटा आणि बाहेर गेल्यासारखं करा. त्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते ना? तिथे बसा. दहा मिनिटं. आवाज करायचा नाही."

आमची गॅलरी साऱ्या मजल्याची मिळून एक. बाबा तिथे पालथ्या बादलीवर बसले, मी आणि सिस्टर त्यांच्या मागे उभ्या. शेजारचे काका जाता जाता थबकले, "काय सर, इथे?" बाबांनी परीक्षेच्या वर्गात धरायचे तसं ओठांवर बोट धरलं. शेजारचे काका पाय न वाजवता निघून गेले.

सगळीकडे सामसूम झाली, तशी ढब्बूची शेपटी खाली आली. ती आपल्या गादीपाशी गेली. बसायला म्हणून मागचे पाय वाकवले, अर्ध्यावर थांबली, पाय लटपटले, पुन्हा उभी राहिली. जागच्या जागी वळली. पुन्हा बसायला गेली. पुन्हा अर्ध्यावरून उठली. असं चार वेळा झालं. मग तिने तो नाद सोडला, नरसाळं भिंतीला टेकवलं आणि उभ्याउभ्याच डोळे मिटले. डुलकी लागली की गुडघे दुमडायचे, टाक्यांना ताण बसायचा, आणि ती दचकून डोळे उघडायची. एवढं सगळं होताना तोंडातून आवाज म्हणून नाही. कण्हण्याच्या प्रश्नाला बाबांनी दिलेला शून्य अगदी बरोबर होता.

"तीन दिवस ही अशी उभ्याने झोपतेय, काका," सिस्टर हळूच म्हणाली.

बाबा खाकरले. बारीकसंच, पण ढब्बूने ओळखलं. कान टवकारले, मान वर झाली, आणि ती शेपटी हलवत खिडकीकडे यायला निघाली, एकेक पाऊल टाकत, प्रसन्न चेहऱ्याने.

आणि माझे बाबा, एकाहत्तर वर्षांचे, पाऊणशे मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारे, बादलीवरून खाली उतरले आणि खिडकीखाली भिंतीला चिकटून उकिडवे बसले. डोकं गुडघ्यात घातलं.

"तिला सांगा मी नाहीये," ते कुजबुजले. "मी नाहीये म्हणावं. बस म्हणावं तिला."

किल्ली त्यांनी खालूनच वर केली. मी ती घेतली आणि खण उघडायला आत गेले.

सिस्टरने एक इंजेक्शन दिलं, पहिली गोळी खाऊ घातली आणि कागदावर नवा आकडा लिहिला. चौदा. बाबांनी तो वाचला. "प्रश्नपत्रिकाच सदोष आहे," असं पुटपुटले, पण फार जोर नव्हता. पुढच्या गोळीच्या वेळेचा गजर त्यांनी स्वतः घड्याळात लावून ठेवला.

अर्ध्यापाऊण तासाने ढब्बू गादीवर आडवी झाली. उजव्या कुशीवर, चारी पाय पसरून, आणि घोरायला लागली. इतकं बेशिस्त घोरणं त्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बघायला आली आणि पदराने डोळे पुसत परत गेली. दुपारच्या परीक्षेची वेळ झाली, पण हाक काही आली नाही. बाबा मागच्या खोलीच्या उंबऱ्यात जमिनीवर बसून होते, तिच्या दृष्टीस पडणार नाहीत असे, दाराच्या आडोशाला.

पाच वाजता मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"तू नववीत होतीस," ते म्हणाले. "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. शाळा सुटली की मी दवाखान्यात यायचो."

"हो."

"तू उठून बसलेली असायचीस. केस विंचरलेले. एकदा तर म्हणालीस, बाबा, आज दोन उदाहरणं घाला. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, पोरगी एकदासुद्धा रडली नाही म्हणून."

मी गार होत चाललेला चहा त्यांच्याजवळ सरकवला.

"दुखत होतं का गं तेव्हा?"

"छे!" मी लगेच म्हटलं. "एवढं काही नाही." आणि वर हसलेसुद्धा.

बाबांनी मान हलवली. मग जमिनीला हात टेकून उठायला लागले.

"मी जरा बाहेर जाऊन बसू का?" त्यांनी विचारलं.

मला रडू आवरलं नाही. बाबा परत खाली बसले, आणि कुठेही गेले नाहीत.